थर मोजायचे तर सगळे थर मोजा!

पोस्ट मोठी आहे. पण विषय आपल्या वावराच्या खालचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

सध्या खाणीच्या बैठकांमध्ये एक नवा शब्द ऐकू येऊ लागलाय. फझी लॉजिक. आमच्या भागातल्या एका खाणीच्या विस्ताराचं सादरीकरण झालं, त्याला मीही होतो. (कंपनीचं नाव लिहीत नाही, मुद्दा एका कंपनीचा नाहीच.) सल्लागार साहेबांनी पडद्यावर रंगीत नकाशा लावला. कुठे गडद हिरवा, कुठे फिका, कुठे पिवळा. म्हणाले, "या बहुस्तरीय कोळसा साठ्याचं मूल्यांकन आम्ही फझी लॉजिकने केलेलं आहे. जगात हीच पद्धत चालते." मागच्या रांगेतल्या एका काकांनी विचारलं, "साहेब, यात आमची विहीर कोन्या रंगात हाये?" उत्तर आलं, "हा नकाशा कोळशाचा आहे, काका." आणि पुढची स्लाइड.

यावर दोन प्रकारची माणसं पाहिली. एक, मान डोलावणारी. इंग्रजी शब्द आला, कॉम्प्युटर आला, म्हणजे बरोबरच असणार. दुसरी, बाहेर येऊन हसणारी. "फझी म्हणजे धूसर. म्हणजे खाली काय आहे ते यांनाच माहीत नाही!" या वाक्यावर आमच्या एका नेत्याने टाळ्याही घेतल्या.

दोघंही चुकताहेत. माझं म्हणणं सरळ आहे. फझी लॉजिक ही चांगली पद्धत आहे, आजवरच्या पद्धतीपेक्षा जास्त प्रामाणिक आहे. आणि म्हणूनच ती अर्धवट वापरू द्यायची नाही. माझ्याकडे पत्रकारितेचा डिप्लोमा आहे, खाणशास्त्राची डिग्री नाही. पण हे समजायला डिग्री लागत नाही. बाजारात कापसाची प्रत ठरताना पाहिलेल्या कुठल्याही माणसाला हे कळतं. कसं ते सांगतो.

*जमिनीखाली नेमकं काय आहे?*

बऱ्याच लोकांना वाटतं, कोळसा म्हणजे टाकीतलं पाणी. झाकण उघडलं की काढायचा. तसं नसतं. लग्न उरकल्यावर मांडवात गाद्यांची चळत लावतात ना, तसं असतं. एक गादी जाड, एक पातळ, मध्ये सतरंजी, मध्ये चादर, एखादी गादी मधेच फाटलेली, आणि सगळी चळत एका बाजूला कललेली.

आपलं वर्धा खोऱ्याचं कोळसाक्षेत्र चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत पसरलेलं आहे. इथला कोळसा 'बराकार' नावाच्या खडकगटात आहे, पर्मियन काळातला, म्हणजे साधारण २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्यावर पुष्कळ ठिकाणी 'कामठी' गटाचा वाळूखडक आहे. नाव आपल्या नागपूरजवळच्या कामठीवरूनच पडलंय. काही ठिकाणी त्याच्यावर काळा पाषाण. आणि सगळ्यात वर काळी माती, जिच्यात कापूस, सोयाबीन, तूर होते आणि जिच्यावर आपण राहतो.

इथे कोळशाचा एक जाड संयुक्त थर आहे. पण तो सगळीकडे एकसंध नाही. काही ठिकाणी तो फुटतो, त्याचे पदर होतात, आणि पदरांच्या मध्ये शेल म्हणजे गाळाचा पापुद्र्यांचा खडक येतो. खाणीतली माणसं त्याला पार्टिंग किंवा बँड म्हणतात. थर तिरपे उतरतात, मध्येच फॉल्ट आला की तुटतात, पलीकडे खाली-वर सरकलेले सापडतात.

आता खाण काढणाऱ्यापुढचे प्रश्न बघा. मधलं ४० सेंटिमीटरचं पार्टिंग वेगळं काढायचं की कोळशाबरोबरच उचलायचं? वेगळं काढलं तर वेळ आणि डिझेल जातं. सोबत उचललं तर राख वाढते, उष्मांक घसरतो. खाली मीटरभर जाडीचा कोळसा आहे, पण त्याच्यावर तीन मीटर दगड. खणायचा की सोडायचा? एका टन कोळशामागे किती घनमीटर ओबी, म्हणजे वरची माती आणि दगड, हलवावा लागेल? आणि तो ओबी टाकायचा कुठे? आपल्या भागात मातीचे जे डोंगर उभे आहेत, ते या शेवटच्या प्रश्नाचंच उत्तर आहे.

या सगळ्याचा मिळून हिशोब म्हणजे साठ्याचं मूल्यांकन. त्यावरूनच ठरतं, खाणीची हद्द कुठे थांबणार. म्हणजेच कोणाचं वावर जाणार आणि कोणाचं राहणार.

*जुनी रीत: रेघ ओढा आणि मोकळे व्हा*

आजवर हा हिशोब बहुतेक रेघांवर चालत आलाय. तीन रेघा सांगतो.

पहिली, जाडीची. देशाच्या कोळसा साठ्याच्या यादीत ०.९ मीटर किंवा त्याहून जाड थर धरले जातात, तेही १२०० मीटर खोलीपर्यंतचे. म्हणजे ९० सेंटिमीटरचा थर हा 'साठा', आणि ८९ सेंटिमीटरचा थर म्हणजे यादीपुरतं काहीच नाही.

दुसरी, अंतराची. १९५७ पासून चालत आलेल्या रीतीप्रमाणे बोअरहोलपासून २०० मीटरच्या आतला कोळसा 'सिद्ध' धरायचा. त्याच्या पलीकडे, बोअर साधारण किलोमीटरच्या अंतराने असतील आणि थर सलग असल्याचा भरवसा असेल तर दोन किलोमीटरपर्यंत, 'सूचित'. त्याच्याही पलीकडे 'अनुमानित'. पण १९९ मीटरवर थर सिद्ध आणि २०१ मीटरवर संशयित, असं काही जमिनीत लिहिलेलं नसतं. साधी, सलग जमीन असेल तर ४०० मीटरवरही थर तसाच सापडतो. फॉल्टने तुटलेली असेल तर ५० मीटरवर दगा देतो.

तिसरी, प्रतीची. २०१२ पासून आपल्याकडे कोळशाची प्रत उष्मांकावर ठरते, जी-१ ते जी-१७. प्रत्येक प्रत ३०० किलोकॅलरींच्या पट्ट्याची. किलोला ४३०१ किलोकॅलरी भरला तर जी-१०, ४३०० भरला तर जी-११. एका किलोकॅलरीचा फरक, पण भाव वेगळा, बिल वेगळं, भांडण वेगळं.

व्यवहाराला रेघ लागते, हे मला मान्य आहे. दुकानदार तराजूचा काटा कुठेतरी थांबवणारच. पण मूल्यांकन म्हणजे दुकानदारी नाही. तिथे खाली काय आहे ते आधी जसंच्या तसं सांगायचं असतं. रेघ नंतर ओढायची असते. आपण काय केलं, तर पहिल्या पायरीवरच रेघ ओढली आणि रेघेच्या खालचं सगळं पुसून टाकलं.

याचा फटका आपल्याला बसतो, तो असा. समजा ८५ सेंटिमीटरचा एक थर 'बसत नाही' म्हणून सोडला. एका हेक्टरखाली तो किती होतो? १०,००० चौरस मीटर गुणिले ०.८५, म्हणजे ८,५०० घनमीटर. कोळशाची घनता साधारण दीड धरली तर १२,७५० टन. हा कोळसा खड्ड्यात राहतो, वरून ओबी पडतो, विषय संपला. मग तेवढ्याच टनांसाठी पुढचं वावर लागतं. म्हणजे कागदावरची ढोबळ रेघ फुकट नसते. तिची किंमत शेजारचा शेतकरी देतो.

*मग फझी म्हणजे काय?*

१९६५ साली लोत्फी झादे नावाच्या गणितज्ञाने, बाकूत जन्मलेला आणि कॅलिफोर्नियातल्या बर्कलेत शिकवणारा माणूस, एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं साधं होतं. जगातल्या बऱ्याच गोष्टी 'आहे' किंवा 'नाही' अशा नसतात, 'किती अंशी आहे' अशा असतात. उंच माणूस म्हणजे किती उंच? जाड थर म्हणजे किती जाड? तर ० ते १ च्या मध्ये गुण द्या. पूर्ण नाही म्हणजे ०, पूर्ण आहे म्हणजे १, आणि मधले सगळे मध्ये.

हे काही पुस्तकात राहिलं नाही. जपानमध्ये सेंदाई शहराची भुयारी रेल्वे १९८७ पासून या तर्काने ब्रेक लावते, वेग सांभाळते. नव्वदीत आपल्याकडे वॉशिंग मशीनवर 'फझी लॉजिक' असं स्टिकर यायचं, आठवतं? कपडे 'थोडे मळके' की 'जास्त मळके' ते पाहून मशीन पाणी ठरवायची. तोच हा तर्क. तुर्कस्तान आणि इराणच्या खाण अभियंत्यांनी खाणकामाची पद्धत निवडायला तो वापरला, आपल्याकडच्या संशोधकांनीही वापरलाय.

आता आपल्या थरावर लावू. समजा ठरवलं की ६० सेंटिमीटरपेक्षा पातळ थराला 'काढण्याजोगी जाडी' म्हणून ० गुण, दीड मीटरपेक्षा जाड असेल तर १, आणि मध्ये सरळ चढत जायचं. मग ८९ सेंटिमीटरच्या थराला ०.३२ मिळतात, ९० च्या थराला ०.३३. एक सेंटिमीटरचा फरक आता एका सेंटिमीटरएवढाच दिसतो, आभाळाएवढा नाही. १ मीटर १० सेंटिमीटरला ०.५६. असेच गुण उष्मांकाला, पार्टिंगच्या जाडीला, ओबीच्या प्रमाणाला, फॉल्टच्या जवळिकीला द्यायचे. मग नियम लिहायचे, तेही माणसाच्या भाषेत. "थर बऱ्यापैकी जाड असेल, पार्टिंग पातळ असेल आणि ओबी कमी असेल, तर काढणं फायद्याचं." अनुभवी ओव्हरमन नाहीतर सर्व्हेअर आयुष्यभर डोक्यात हाच हिशोब करत असतो. फझी लॉजिकने तो कागदावर आणला, एवढंच.

'फझी म्हणजे खाली काय आहे ते माहीत नाही' हा विनोद इथे चुकतो. न माहीत असणं वेगळं आणि गोष्टच मधली असणं वेगळं. दोन बोअरच्या मध्ये थर आहे की नाही, हे माहीत नसतं. त्यावर उपाय एकच, आणखी बोअर मारणे. पण थर हातात आला, टेप लावली, १ मीटर १० भरला, तरी तो 'पुरेसा जाड' आहे का, हा प्रश्न उरतोच. तो अज्ञानाचा प्रश्न नाही, निवाड्याचा आहे. फझी लॉजिक या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. आणि म्हणून, मंडळी, याचा उलट अर्थही लक्षात ठेवा. बोअर कमी मारले असतील तर कितीही सुंदर रंगीत नकाशाने ती उणीव भरून निघत नाही. नकाशा हिरवा दिसला की आधी विचारायचं, इथे भोकं किती पाडली?

*मेख कुठे आहे?*

इथपर्यंत मी या पद्धतीच्या बाजूने बोललो. आता खरी गोष्ट. कॉम्प्युटर यात स्वतः काहीच ठरवत नाही. चार ठिकाणी माणूस ठरवतो, आणि त्या चारही जागा सादरीकरणात दिसत नाहीत.

एक, कोणते निकष घ्यायचे. विहीर नकाशात नव्हती, कारण कोणीतरी ती यादीत घेतलीच नव्हती.

दोन, गुण कुठून कुठे चढवायचे. समजा निकष आहे 'खाण घरांपासून पुरेशी लांब'. एक सल्लागार म्हणेल, ५० मीटरला ० आणि २०० मीटरला १. दुसरा म्हणेल, १०० मीटरला ० आणि ५०० मीटरला १. तुमचं घर ३०० मीटरवर. पहिल्याच्या कागदात तुम्हाला १, म्हणजे पूर्ण सुरक्षित. दुसऱ्याच्या कागदात ०.५. घर तेच, भिंतीला गेलेला तडा तोच.

तीन, गुण एकत्र कसे करायचे. हा सगळ्यात मोठा खेळ आहे, म्हणून आकडे घेऊनच सांगतो. उदाहरण माझं आहे, हिशोब तुम्हीही करून बघा. एका पट्ट्याला असे गुण पडले:

थराची जाडी ०.९
कोळशाची प्रत ०.७
ओबीचं प्रमाण ०.८
पार्टिंग ०.६
गावाचं पाणी आणि वस्ती सुरक्षित राहणं ०.१

साधी सरासरी काढा. ३.१ भागिले ५, म्हणजे ०.६२. फर्स्ट क्लास!

आता 'वजनं' लावा. जाडीला ३० टक्के, प्रतीला २५, ओबीला २५, पार्टिंगला १५, आणि पाणी-वस्तीला ५. उत्तर येतं ०.७४. डिस्टिंक्शनच्या उंबरठ्यावर! पाण्याचे गुण ०.१ च आहेत, ते कोणी खोडले नाहीत. फक्त त्यांचा आवाज बंद केला.

आणि फझी लॉजिकमध्ये 'आणि' हा शब्द जोडण्याची जी मूळ, झादेच्याच निबंधातली रीत आहे, ती वापरा. ती सांगते, सगळ्यात कमी गुण तेच खरे. हे पाहिजे आणि ते पाहिजे आणि तेही पाहिजे असं म्हटलं, तर साखळी सगळ्यात कच्च्या कडीएवढीच पक्की. मग त्याच पट्ट्याचं उत्तर येतं ०.१.

पट्टा एकच, मोजमाप एकच, पद्धतीचं नाव तिन्ही वेळा 'फझी लॉजिक'. उत्तरं ०.७४, ०.६२ आणि ०.१. यातलं कोणतं निवडायचं, हे गणित ठरवत नाही. ते खुर्चीत बसलेला माणूस ठरवतो. दहावीत गणितात १० मार्क पडले आणि बाकी विषयांत ८०-९०, म्हणून कोणी पोराला गणितात पास करत नाही ना? मग गावाच्या पाण्याला वेगळा न्याय का?

चार, शेवटी रेघ कुठे ओढायची. सगळे गुण लावून झाल्यावर निर्णय 'हो' किंवा 'नाही' असाच द्यावा लागतो. ०.६ च्या वर हो, खाली नाही. ही ०.६ आली कुठून? तीसुद्धा कोणीतरी ठरवलेली असते. म्हणजे जुनी रेघ गेलेली नाही. ती पहिल्या पानावरून शेवटच्या पानावर गेलीय, आणि आता ती कोणाला दिसत नाही. ९० सेंटिमीटरची रेघ निदान उघड होती, तिच्याशी भांडता यायचं.

*"पाण्याचा अहवाल वेगळा असतो हो"*

हे उत्तर हमखास येणार, म्हणून आत्ताच बोलू. हो, पर्यावरण परिणाम अहवाल असतो. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी होते, ३० दिवस आधी नोटीस निघते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. चांगलंच आहे. पण क्रम बघा. आधी कोळशाचं मूल्यांकन होतं. त्यावरून खड्ड्याची हद्द आखली जाते. ती हद्द घेऊन पर्यावरणाचा अहवाल तयार होतो. आपण सुनावणीला पोचतो तेव्हा पंगत उठायच्या बेतात असते. मग आपल्या पदरात काय? धुळीवर पाणी मारू, झाडं लावू, टँकर देऊ. हद्द हलत नाही.

कोळशासाठी जमीन घेण्याचा कायदाच वेगळा आहे, १९५७ चा. कलम ४ खाली आधी पूर्वेक्षणाची अधिसूचना निघते, मग कलम ७ खाली जमीन घेण्याच्या इराद्याची, आणि त्यानंतर कलम ८ प्रमाणे हरकतीला ३० दिवस. तीस दिवसांत ज्या शेतकऱ्याने हरकत घ्यायची, त्याच्या हातात असतो सर्व्हे नंबर आणि क्षेत्रफळ. आपलं वावर ०.७४ मध्ये बसवलं की ०.६२ मध्ये, आणि वजनं कोणती लावली, हे त्याच्या कागदात नसतं. मग हरकत कशावर घेणार? भावनेवर? आणि भावनेवर घेतली की साहेब लोक म्हणतात, तांत्रिक मुद्दा सांगा.

शिवाय पाणी हा 'वेगळा' विषय आहे हेच मुळात खोटं आहे. वर सांगितलेला कामठीचा वाळूखडक आठवतो? कंपनीच्या वहीत तो ओबी आहे, उचलून फेकायचा दगड. आपल्या वहीत तीच पाण्याची टाकी आहे. या भागातल्या कितीतरी विहिरी आणि बोअरवेल त्याच खडकातून पाणी देतात. खड्डा त्याला कापून खाली जातो, खड्डा कोरडा ठेवायला रात्रंदिवस पंप चालतात, आणि आजूबाजूची पातळी उतरते. म्हणजे पाणी हा साठ्याच्या बाहेरचा विषय नाही, त्या चळतीतलाच एक थर आहे. बहुस्तरीय साठा म्हणता ना? मग हा स्तर का वगळता?

*"लोकांना कळत नाही" आणि "गोपनीय आहे"*

लोकांना कळत नाही, हे मला पटत नाही. कापसाचा ग्रेडर धाग्याची लांबी, ओलावा, कचरा बघून प्रत ठरवतो तेव्हा आपला शेतकरी समोर उभा राहून वाद घालतो, "ओलावा जास्त लावला तुम्ही." त्याला निकष, गुण आणि वजन तिन्ही कळतात. कळत नाही ते इंग्रजी, आणि दाखवत नाहीत तो तक्ता.

गोपनीयतेचं म्हणाल तर बोली किती लावणार, नफा किती धरला, ते ठेवा झाकून. पण जमिनीखाली काय आहे आणि गावाच्या पाण्याला किती टक्के वजन दिलं, यात कसलं व्यापारी गुपित? २००५ च्या माहिती अधिकार कायद्यातच, कलम ८ मध्ये, लिहिलंय की व्यापारी गुपित असलं तरी व्यापक जनहित असेल तर माहिती देता येते. गावचं पाणी जनहितात बसत नसेल तर काय बसतं?

आणि हो, "देशाला वीज नको का?" पाहिजे. ही पोस्ट मी ज्या फोनवर लिहितोय तोही चार्ज करावाच लागतो. चंद्रपूरचं वीज केंद्र २९२० मेगावॉटचं आहे, त्याची चूल आपल्याच कोळशावर पेटते आणि राखही आपल्याच अंगावर पडते. मी खाणी बंद करा म्हणत नाही. या भागातल्या हजारो घरांची चूल खाणीवर आहे, माझ्या पेपरला जाहिरातही त्याच बाजारपेठेतून येते. पण वीज देशाची आणि ०.१ गुण आमचे, तर ते गुण लपवू नका, एवढंच.

*आपल्या लोकांनाही दोन शब्द*

फक्त कंपन्यांना बोलून भागणार नाही. कित्येक सुनावण्या मी कव्हर केल्यात. आपले नेते माइक हातात घेतात आणि काय मागतात? टिप्पर लावून द्या, पोरांना कामावर घ्या, मंदिराला कंपाउंड द्या. पाच-पन्नास वर्षांची जमीन जाते आणि आपण कंपाउंड मागतो. बोअरहोल किती मारले, हे विचारलेलं मी एकदाही ऐकलं नाही.

आणि जे नुसते 'फझी' शब्दावर हसतात, त्यांनाही सांगणं आहे. तुम्ही ही पद्धत हसण्यावारी नेली तर कंपनीचं काम सोपं होईल. ते म्हणतील, ठीक आहे, जुनीच रेघ वापरू. आणि जुन्या रेघेत तर पाण्याला ०.१ सुद्धा नव्हते. या पद्धतीत निदान प्रत्येक गोष्टीला आकडा द्यावाच लागतो. आकडा दिला की प्रश्न विचारता येतो. हे हत्यार आपल्याही हातात येऊ शकतं, ते फेकू नका.

*म्हणून मागण्या. कॉपी करा, ग्रामसभेत ठराव म्हणून मांडा:*

१. मूल्यांकनाचे सगळे निकष, गुण देण्याच्या मर्यादा, नियम आणि वजनं मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर. हरकतीचे ३० दिवस सुरू होण्याच्या आधी.

२. भूजल, काळी माती आणि वस्ती हे निकष कोळशाच्या मूल्यांकनातच घ्या, नंतरच्या अहवालात नको.

३. प्रत्येक पट्ट्याचं उत्तर तीन रीतींनी दाखवा: सगळ्यात कमी गुण, साधी सरासरी, वजनी सरासरी. तिन्हींत मोठा फरक असेल तर कोणतं निवडलं आणि का, ते सहीनिशी लिहा.

४. वजनं थोडी खाली-वर करून दाखवा. पाण्याचं वजन ५ वरून २० केलं की हद्द कुठे येते? ती रेघ नकाशावर काढा.

५. बोअरहोलच्या जागा त्याच नकाशावर ठिपक्यांनी दाखवा. जिथे ठिपका नाही तिथे गडद रंग भरायचा नाही.

६. खाण चालू झाल्यावर दरवर्षी अंदाज आणि प्रत्यक्ष शेजारी-शेजारी छापा. थर किती जाड सांगितला होता, किती निघाला. विहिरींची पातळी किती राहील म्हणाले होते, किती राहिली.

यातलं एकही अशक्य नाही. पहिल्या पाच गोष्टी तर सल्लागाराच्या कॉम्प्युटरमध्ये बसल्याजागी तयार होतात. सहाव्याला टेप आणि वही लागते.

पुढच्या सुनावणीला जाताना घोषणा कमी आणि हे सहा प्रश्न जास्त घेऊन जा. उत्तर आलं नाही तर 'उत्तर दिलं नाही' असं इतिवृत्तात लिहून घ्या आणि लिहिल्याशिवाय उठू नका. तुमच्या गावची नोटीस निघाली असेल तर फोटो काढून मला पाठवा, तारखा मी इथे टाकत जाईन.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली भांडा, पण आकड्यानिशी भांडा.